नव्वद टक्क्यांवर अडकलेली वेबसाइट

प्रश्न: ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या विभागात विद्यार्थी सहायक म्हणून काम करते. आम्ही पाच जण आहोत. दोघं मिळून ४० सेकंदांची थ्रीडी अ‍ॅनिमेशन फिल्म करतायत, दोघी विभागाची नवी वेबसाइट करतायत. मी दोन्हीकडचं ग्राफिक्स बघते आणि दर शुक्रवारी सगळ्यांची प्रगती एकत्र लिहून सरांना पाठवते. प्रत्येकाचे आठवड्याला ८ तास धरलेत, त्यातले माझे ३ तरी या अहवालातच जातात. पण लिहायला काही मिळतच नाही. फिल्मवाला मित्र तीन आठवडे झाले, ‘कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन चालू आहे’ एवढंच देतो. वेबसाइटवाली मैत्रीण महिन्यापूर्वी म्हणाली ९० टक्के झालं, आजही ९०च. सगळे जवळचे आहेत, म्हणून मीच शब्द फिरवून दर वेळी काम जरा पुढे सरकल्यासारखं लिहिते. गेल्या शुक्रवारी सर अचानक म्हणाले, ‘दाखवा बघू काय झालंय ते.’ फिल्मचे पहिले ३ सेकंद चालले आणि पुढे काळा पडदा. वेबसाइट सरांच्या मोबाइलवर उघडली तर सगळं एकावर एक. सर कोणाला काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. ६ आठवडे उरलेत. मित्रांची तक्रार करू का? की हे अहवालाचं काम सोडूनच देऊ?
— मधल्यामध्ये सापडलेली

उत्तर: सरांचं ते बघणं तुला अजून टोचतंय, पत्राच्या शेवटच्या चार ओळींत ते दिसतंच आहे. टोचू दे. पण त्याच शुक्रवारी एक फार कामाची गोष्ट घडली, तिच्याकडे तुझं लक्ष गेलेलं नाही. इतके आठवडे तू जे शब्दांत पकडायला धडपडत होतीस, ते सरांना दोन मिनिटांत कळलं. कारण त्यांनी ‘किती झालं’ असं विचारलंच नाही. ते म्हणाले, ‘दाखवा.’

तेव्हा तक्रार नको आणि काम सोडणंही नको. तू अहवाल लिहिणं बंद कर आणि दाखवणं सुरू कर.

आधी त्या ९० टक्क्यांबद्दल. तुझी मैत्रीण खोटं बोलत नाहीये. तिला जेवढं काम डोळ्यांसमोर दिसत होतं, त्यातलं ९० टक्के खरंच झालं असेल. न दिसणारं काम तिने मोजलंच नाही, कारण ते तेव्हा दिसत नव्हतं. बेल लॅब्समधल्या टॉम कारगिल यांच्या नावावर एक चिमटा आहे, १९८५ मध्ये तो छापून आला आणि तेव्हापासून प्रोग्रामर एकमेकांना ऐकवत आलेत: पहिल्या ९० टक्के कामाला पहिला ९० टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या १० टक्के कामाला दुसरा ९० टक्के. बेरीज १८० होते. ती १८० व्हावी म्हणूनच तो चिमटा तसा आहे.

तिचं काय झालं असेल ते मी न बघता सांगू शकते, कारण हे मी स्वतः केलंय. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं डिझाइन शेजारी उघडं ठेवून होम पेज त्याबरहुकूम बसवलं. स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या ब्राउझरमध्ये, आणि जिथे मजकूर यायचा तिथे ‘इथे मजकूर येईल’ असं चार वेळा चिकटवून. सुंदर दिसलं. मग तेच पान ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर उघडलं आणि तीन कॉलम एकमेकांच्या अंगावर आले. मराठी शीर्षकाची तर वेगळीच गंमत. इंग्रजीच्या सवयीने लाइन-हाइट (ओळीची उंची) आवळून ठेवली, तर एका ओळीत बसणारं शीर्षक मोबाइलवर दोन ओळींचं झालं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. आणि डिझाइनमध्ये अक्षरं ‘मोकळी’ दिसावीत म्हणून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असेल, तर शिरोरेषाच तुटते. शब्द दातात फटी असल्यासारखा दिसायला लागतो. हे लॅपटॉपवर खोटा मजकूर भरून कधीच कळत नाही. (तुमची वेबसाइट मराठीत असेल तर आजच तपास. मी थांबते.)

म्हणून टक्के विचारू नकोस, चौकटी मांड. समजा वेबसाइटची आठ पानं आहेत. प्रत्येक पानाला चारच प्रश्न: खरा मजकूर आला का? मोबाइलवर नीट दिसतंय का? फोटो हलके केले का? लिंका आणि फॉर्म चालतायत का? झाल्या ३२ चौकटी. भरलेल्या भर, रिकाम्या तशाच ठेव. ९० टक्केवाल्या वेबसाइटच्या बारा-चौदाच भरल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि तुझ्या मैत्रिणीला ते कळल्यावर वाईट वाटण्यापेक्षा सुटल्यासारखं वाटेल. एक महिना ती ‘उरलेल्या १० टक्क्यां’च्या मागे धावतेय आणि ते संपत का नाहीत हे तिला समजत नाहीये.

फोटोंचा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. कॅमेऱ्यातून काढलेला ५-६ एमबीचा फोटो जसाच्या तसा होम पेजवर टाकणं हा विद्यार्थ्यांच्या वेबसाइटचा शिक्का आहे. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, असा गूगलचा मापदंड आहे. त्या एका फोटोने तो सहज मोडतो. आणि फिकट राखाडी अक्षरं. डिझाइनमध्ये ती फार सुसंस्कृत दिसतात, पण नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट हवा, असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. हे मोजायला ब्राउझरमध्येच सोय असते, दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक. वेबसाइटचा स्क्रीनशॉट अहवालात घेऊ नकोस. स्क्रीनशॉट म्हणजे नेमका चांगला दिसणारा कोपरा. लिंक घे. काम अर्धवट असलं तरी ते कुठेतरी चालू ठेवायला सांग; गिटहब पेजेससारख्या जागी फुकटात ठेवता येतं. मग शुक्रवारी ती लिंक सरांच्या नव्हे, आधी तुझ्या मोबाइलवर उघडायची.

आता फिल्म. इथे जरा बसून आकडेमोड करू, कारण तुझ्या पत्रातली खरी आणीबाणी ही आहे, वेबसाइट नाही.

४० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम (एकेक सुटं चित्र), म्हणजे ९६० फ्रेम. मित्राने तीन आठवड्यांत ३ सेकंद केले. आठवड्याला ८ तास धरले तर २४ तास गेले, म्हणजे सेकंदाला ८ तास. उरलेले ३७ सेकंद याच चालीने केले तर २९६ तास लागतील. त्याच्याकडे आहेत सहा आठवडे, म्हणजे ४८ तास. दोघांचे मिळून धरले तरी ९६. वर रेंडरिंग, म्हणजे कॉम्प्युटरने प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र तयार करणं, ते वेगळंच: एका फ्रेमला दोनच मिनिटं धरली तरी ९६० फ्रेमना ३२ तास कॉम्प्युटर नुसता तापत बसणार. हे गणित अहवालात पहिल्या महिन्यात आलं असतं तर आज सर तुझ्याकडे बघत राहिले नसते. तुझा दोष म्हणून सांगत नाहीये. ‘चालू आहे’ या दोन शब्दांतून हे गणित कोणालाच मांडता आलं नसतं.

तो आळशी आहे असंही मला वाटत नाही. आळशी माणूस ३ सेकंदांवर २४ तास घालवत नाही. मला जो दिसतोय तो घाबरलेला माणूस आहे, आणि कशाला घाबरलाय तेही ओळखीचं आहे. थ्रीडीत आधी ब्लॉकिंग करतात: मुख्य पोझेस ठरवायच्या, मधली हालचाल नाही, कॅरेक्टर एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये टुणकन उडी मारतं. हे बघायला मजा येते, ठसठशीत दिसतं. मग त्या पोझेस स्प्लाइनमध्ये टाकायच्या, म्हणजे मधली हालचाल सॉफ्टवेअर भरून देतं. आणि इथे प्रत्येक नवख्याच्या पोटात गोळा येतो. कालपर्यंत खणखणीत वाटणारं कॅरेक्टर आज पाण्याखाली चालल्यासारखं तरंगायला लागतं. वजन जातं, पाय जमिनीवर घसरतात, हात लोण्यातून फिरवल्यासारखे. कालच्यापेक्षा आजचं काम वाईट दिसतं, आणि ते दिसणारच, ती पायरीच तशी आहे. अशा आठवड्यात त्याला अहवालात प्रगती दाखवायची असते. मग तो काय करतो? पुढच्या शॉटला हात लावत नाही, परत पहिल्या ३ सेकंदांकडे जातो आणि कॅरेक्टरच्या पापण्या हलवत बसतो. ते तरी छान दिसतं.

वेबसाइटमध्येही हेच होतं. खरा मजकूर भरला की डिझाइन मोडतं. ज्या शिक्षकांचं नाव आणि पदव्या मिळून तीन ओळी होतात, त्यांचं कार्ड शेजारच्या कार्डाच्या दुप्पट लांब होतं. म्हणजे ज्या आठवड्यात खरं काम होतं, नेमका त्या आठवड्यात पडदा भिकार दिसतो. आणि तुमचा अहवाल तर दर शुक्रवारी मागतो ‘काय छान झालं ते सांग’. मुलं लपवतील नाहीतर काय करतील?

वाईट दिसणारं काम दाखवायची पद्धत या धंद्यात जुनी आहे. १९३०च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत अ‍ॅनिमेटरची कच्ची पेन्सिलची चित्रं तशीच कॅमेऱ्यावर घेऊन एका छोट्या कोंदट खोलीत पडद्यावर लावत आणि वॉल्ट डिस्नेंसकट सगळे ती बघत. त्या खोलीचं नावच ‘स्वेटबॉक्स’. हवा खेळती नसल्यामुळे घाम फुटायचा असं म्हणतात, पण घाम फुटायला दुसरंही कारण होतंच. रंग नाही, पार्श्वभूमी नाही, नुसत्या रेघा. त्या रेघांवरच निर्णय व्हायचे, कारण रंगवून झाल्यावर बदल करणं परवडत नाही. आजही स्टुडिओत रोजचं अर्धवट काम रोज बघतात, त्याला डेलीज म्हणतात.

तुमच्यासाठी डेलीज फार होतील. बुधवारी पंधरा मिनिटं पाचही जणांनी बसा, सरांशिवाय. प्रत्येकाने काम उघडायचं, आहे तसं. शुक्रवारचा अहवाल गुरुवारी रात्री जन्माला येतो हे मला माहीत आहे. बुधवारी एकदा डोकावलं की निदान गुरुवारची सकाळ हातात राहते.

फिल्मचा व्हिडिओ घेताना पूर्ण रेंडर मागू नकोस. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात व्ह्यू मेन्यूतून व्ह्यूपोर्ट रेंडर अ‍ॅनिमेशन केलं की समोर दिसतं तसंच काही मिनिटांत व्हिडिओ म्हणून निघतं. त्यावर फ्रेमचा नंबर छापायला सांग. आउटपुटच्या मेटाडेटात ‘बर्न इंटू इमेज’ असा पर्याय आहे. नंबर दिसला की ‘ते मधेच जरा विचित्र वाटतंय’ ऐवजी ‘६१ ते ७० मध्ये डावा पाय घसरतोय’ असं बोलता येतं. आणि अहवालातली ओळही आपोआप अशी होते:

*शॉट ४: ब्लॉकिंग झालं, व्हर्जन ३, व्हिडिओ सोबत. शॉट ५: स्प्लाइनमध्ये टाकला, वजन गेलंय, फ्रेम ६१ ते ७० डावा पाय घसरतो. येत्या शुक्रवारी: शॉट ५ चा पाय, शॉट ६ चं ब्लॉकिंग. अडलंय: शॉट ७ चा आवाज मिळालेला नाही, तो सरांकडून यायचाय.*

चार वाक्यं. लिहायला पाच मिनिटं, आणि ती त्याने लिहायची, तू नाही. तू फक्त व्हिडिओ उघडून ते खरं आहे ना एवढं बघायचं. यातलं शेवटचं वाक्य वगळू देऊ नकोस. विद्यार्थ्यांच्या अहवालात ‘अडलंय’ हा रकाना बहुतेक वेळा नसतोच, कारण अडलेलं काम बऱ्याचदा मोठ्यांकडेच अडलेलं असतं आणि ते लिहायची हिंमत होत नाही. वेबसाइटचा खरा मजकूर, शिक्षकांचे फोटो, अभ्यासक्रमाचा तपशील, हे तुझी मैत्रीण स्वतः तयार करू शकत नाही. तिच्या १० टक्क्यांतले निदान ५ कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये पडून असतील. तारखेसह लिही: ‘मजकूर मागितला अमुक तारखेला, अजून आलेला नाही.’ त्यात उद्धटपणा काही नाही.

फिल्मचं काय करायचं हे मात्र अहवालाने सुटणार नाही. माझं मत विचारशील तर ती लहान करा. ४० सेकंद हे कोणी ठरवलं होतं ते मला ठाऊक नाही, पण उरलेल्या तासांत बसेल अशी ती नाही. या आठवड्यात त्याने पापण्या सोडून शेवटपर्यंत सगळ्या शॉटचं कच्चं ब्लॉकिंग करावं. तोच एक उपाय आहे ज्याने काळा पडदा जातो. मग सगळ्यांनी मिळून बघा: कुठले शॉट काढले तरी गोष्ट कळते? साधारण निम्मी राहिली तरी चालेल. २० सेकंदांची पूर्ण फिल्म शेवटच्या आठवड्यात लावता येते. ४० सेकंदांची, त्यातले २५ काळे, अशी लावता येत नाही. कापायचा निर्णय सरांसमोर घ्या, तुमच्या तुमच्यात नको.

इथे माझी एक फजिती सांगते. शिकत असताना मीही एका टीमची प्रगती लिहायची. शेवटच्या आठवड्यात लिहिलं: ‘रेंडरिंग चालू, ९५ टक्के, उद्या सकाळी फाइल देऊ.’ रात्री रेंडर लावलं, थेट व्हिडिओ फाइलमध्ये. पहाटे कधीतरी मशीन बंद पडलं. सकाळी फाइल होती, भरपूर मोठीही होती, पण उघडेना. सातशेच्या वर फ्रेम झाल्या होत्या आणि हाताला एकही लागली नाही. प्रत्येक फ्रेम पीएनजी चित्र म्हणून सुटी काढली असती तर सातशे वाचल्या असत्या आणि तिथून पुढे सुरू करता आलं असतं. सर माझ्यावर चिडले ते रेंडर गेलं म्हणून नाही. ‘९५ कुठून आणलेस?’ एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा तुझ्या मित्राला सांग: सुट्या फ्रेम, आणि फाइलच्या नावाला व्हर्जन नंबर. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ नको.

आता माणसांचं. मित्राशी शुक्रवारच्या आधी बोल, एकटा गाठून, आणि अहवालापासून सुरुवात करू नकोस. ‘शॉट ५ स्प्लाइनमध्ये टाकलास का? तरंगतोय ना? दाखव’ असं विचार. तो दाखवेल. नाही दाखवलं, आणि पुढच्या बुधवारीही नाही, तर त्याची चौकट रिकामी ठेव. रिकामी म्हणजे रिकामी, ‘प्रयत्न चालू’ असंही नाही. ती तक्रार होत नाही. पण तुझ्या हाताने ती भरलीस, तर त्यापुढचं सगळं तुझ्या नावावर जमा होतं. मैत्री या रिकाम्या चौकटीने तुटेल अशी भीती तुला वाटतेय. थोडी ताणली जाईल, हे खरं आहे. पण इतके आठवडे तू ज्याचं काम झाकत होतीस, त्याला गेल्या शुक्रवारी काळ्या पडद्यासमोर उभं राहावं लागलंच. झाकून त्याचंही काही वाचलं नाही.

आणि सरांना तू आधी भेट, त्यांनी बोलवायच्या आत. लांबण लावू नकोस. ‘सर, आत्तापर्यंतचे अहवाल मी सगळ्यांनी सांगितलं त्यावरून लिहिले, काम उघडून बघितलं नव्हतं, आणि काही ठिकाणी मीच जरा सजवलं. या आठवड्यापासून प्रत्येकाची लिंक किंवा व्हिडिओ जोडणार आहे. तो कच्चा दिसेल.’ मित्रांची नावं घ्यायची गरज नाही. ‘कच्चा दिसेल’ हे मात्र आवर्जून सांग, कारण पहिल्या खऱ्या अहवालात सगळं आधीपेक्षा मागे गेल्यासारखं दिसणार आहे आणि सरांना ते आधी माहीत असलेलं बरं.

पत्र दोनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकली. चौघांचं काय चाललंय ते तू तपशिलात लिहिलंयस. तुझं स्वतःचं काम, ते दोन्हीकडचं ग्राफिक्स, त्याबद्दल अर्धंच वाक्य आहे. ८ तासांतले ३ दुसऱ्यांच्या अहवालात जातात, उरलेल्या ५ तासांत काय होतं? वेबसाइटचे आयकॉन, फिल्मचं टायटल, जे काही असेल ते बुधवारी सगळ्यांत आधी तूच उघड. अर्धवट असलं तरी.